बाहीवरचा कोळी

गेल्या पावसाळ्यात पुण्यात एका बसमध्ये मी उभी राहिले, एवढीच ती गोष्ट. मनपाहून विश्रांतवाडीला जाणारी बस, संध्याकाळी साडेसहाची वेळ, काचांवर वाफ धरलेली, ओल्या छत्र्यांचा आणि ओल्या मोज्यांचा वास. उभं राहायलाही जागा नाही अशी गर्दी, आणि त्या गर्दीत मधोमध एक सीट रिकामी. खिडकीशी एक उंच आफ्रिकन मुलगा बसला होता. मांडीवर कॉलेजची सॅक, कानात इअरफोन. त्याच्या शेजारची जागा मोकळी होती आणि तिच्याभोवती आम्ही सात-आठ माणसं दांड्याला लोंबकळत होतो. कुणी नाक मुरडलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघत होते. मीही. ‘आता काय, उतरायचंच आहे’ असं मी स्वतःला सांगत होते, आणि मला उतरायचं होतं शेवटच्या स्टॉपला.

खडकी बाजारला एक भाजीवाली चढली. रिकामी पाटी, पाटीत गुंडाळलेलं पोतं, पदर भिजून खांद्याला चिकटलेला. तिनं एकदा बसभर नजर फिरवली, “सरक रे बाळा जरा,” म्हणाली आणि धपकन त्याच्या शेजारी बसली. पाटी ठेवायला जागा नव्हती, तर ती त्यानंच आपल्या गुडघ्यांवर घेतली. होळकर पूल येईपर्यंत दोघं हातवाऱ्यांनी काहीबाही बोलत होती, हसत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर अंधारून आलं होतं आणि युद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीची भिंत मागं जात होती.

वाईट असं मी काहीच केलं नव्हतं. नुसती उभी राहिले होते.

रात्री भांडी घासताना आजी आठवली. माझी आजी इगतपुरीची. तिचे वडील रेल्वेत, लोको शेडमध्ये फिटर. मुंबईहून आलेली प्रत्येक गाडी इगतपुरीला थांबायचीच, कारण घाट चढून आलेलं विजेचं इंजिन काढून तिथं पुढच्या प्रवासासाठी वाफेचं इंजिन जोडायचे. तेवढ्या वेळात फलाटावर एक जत्रा उठायची आणि मोडायची. आजीचं सगळं बालपण त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या जत्रांवर पोसलेलं. बेचाळीसच्या चळवळीच्या पुढच्या श्रावणात, म्हणजे १९४३ साली, ती १२ वर्षांची असताना, एक लष्करी गाडी येऊन उभी राहिली. गोऱ्या सोजिरांच्या गाड्या तिला नव्या नव्हत्या. पण हे सोजीर काळे होते, आजीच्या भाषेत ‘तव्याच्या बुडासारखे’, आणि डबेच्या डबे भरून गात होते. पाऊस इगतपुरीचा, म्हणजे माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येऊ नये असा; पण त्या पावसावर त्यांचं गाणं चढलं होतं, असं ती सांगायची. ती विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन रुळांच्या कडेनं घरी निघाली होती. एका डब्याच्या दारात उभ्या असलेल्या शिपायानं तिला पाहिलं, तो मोठ्यानं काहीतरी ओरडला, तिच्याकडे बोट दाखवलं आणि मग आपल्या डोक्याशी हात नेऊन गोल गोल फिरवला. मागचे दोघं-तिघं पुढं आले, तेही हसायला लागले. आजी पळत सुटली. हंडा दगडावर आपटला, त्याला पोचा आला, तो पोचा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. “मला वेडी म्हणाला मेला,” असं म्हणून ती गोष्ट संपवायची. आमच्या घरात हा पुढं पन्नास वर्षं चाललेला विनोद. आजी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायला लागली की काका म्हणायचे, “हबशाला पहिल्याच नजरेत कळलं होतं.”

त्या गोष्टीला एक शेपूट होतं. “त्याच्या बाहीवर कोळी होता,” असं आजी हमखास सांगायची. मी लहानपणी सुट्टीला वेसाव्याला मावशीकडे जायचे, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढं लाल टोपी घातलेला, खांद्यावर जाळं टाकलेला कोळीदादाच यायचा. सैनिकाच्या बाहीवर मासे धरणारा माणूस कशाला, हे कोडं मी बरीच वर्षं वागवलं. मोठेपणी कळलं की ती अष्टपाद कोळी म्हणत होती. तेव्हाही घरात कुणी ते खरं धरलं नाही. म्हातारीचं काहीतरी.

हबशी हा शब्द आमच्याकडे किती सहज वापरला जायचा, हे आता लिहिताना हात अडतो. शाळेत मलिक अंबर शिकलो, त्याच्या नहरीवर चार मार्कांचा प्रश्न सोडवला, जंजिऱ्याचा सिद्दी तर शिवरायांच्या प्रत्येक गोष्टीत. म्हणजे हबशी आपल्याला चारशे वर्षांचे ओळखीचे. आणि तरी घरात कुणी उन्हात काळवंडून आलं की तोच शब्द, पोरं झोपेनात की तोच शब्द. आजीची गोष्ट विनोद म्हणून टिकली, कारण त्यातला माणूस आम्हाला माणूस म्हणून कधी दिसलाच नाही. त्याचं नाव काय, गाव कुठलं, तो इगतपुरीत कशाला आला होता, आणि इंजिन बदलल्यावर ती गाडी कुठं गेली? पन्नास वर्षांत हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर इतिहासात बी.ए. केलेलं.

बसच्या त्या प्रसंगानंतर दोन-तीन आठवड्यांनी, पाऊस उघडल्यावर, मी होळकर पुलाच्या अलीकडे उतरले. या रस्त्यानं वीस वर्षं जातेय, आत कधी गेले नव्हते. फाटकातून आत गेलं की रस्त्याचा आवाज एकदम खाली बसतो. गवत बारीक कापलेलं, मुळेच्या बाजूनं येणारा ओला, किंचित कुजका वारा, आणि ओळीनं मांडलेले दगड. दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांवर कबरी इथं आहेत. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात विखुरलेल्या, पुढं कोण बघणार म्हणून एकत्र आणलेल्या. बहुतेक विशीतली पोरं. माझा मुलगा बाविशीचा, त्यामुळे वयं वाचायची नाहीत असं ठरवूनही वाचली. आणि मग ज्याच्यासाठी आले होते हे मला आधी माहीत नव्हतं, ते समोर आलं. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या १९३ सैनिकांचं स्मारक. लढाईत नव्हे, तर हिंदुस्थानात जिथं लढाई नव्हती अशा भागांत मेलेले. त्यांच्या कबरी इथं नाहीत. त्या देशात कुठंकुठं आहेत, आणि तिथं त्यांची निगा राखणं शक्य नाही म्हणून खडकीत नुसती नावं. मी बराच वेळ उभी होते. पलीकडे गवत कापायचं यंत्र चालू होतं, पेट्रोलचा आणि चिरलेल्या गवताचा वास मिसळून येत होता. परदेशी पाहुणे येतात ते आपापल्या आडनावाचा दगड शोधत येतात, असं बाहेर टपरीवर चहा घेताना एकजण म्हणाला. १९३ नावांकडे कोण येतं, ते मी विचारलं नाही.

घरी येऊन वाचायला बसले. पहिल्याच संध्याकाळी कोळी सापडला.

ब्रिटिशांनी पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या चार वसाहतींतून, म्हणजे नायजेरिया, गोल्ड कोस्ट (आजचा घाना), सिएरा लिओन आणि गँबियातून, ८१वी डिव्हिजन उभी केली आणि १९४३ साली आगबोटींवर घालून, आफ्रिकेला वळसा देऊन मुंबईच्या बंदरात उतरवली. तिची खूण पिवळ्यावर काळा कोळी. घानाच्या लोककथांतला अनान्सी, चतुर, लबाड, आपल्या गोष्टींतल्या कोल्ह्याचा मोठा भाऊ शोभेल असा. बाहीवर तो खाली तोंड करून शिवलेला असायचा, म्हणजे बंदूक रोखायला हात वर आला की कोळी पुढं, शत्रूच्या दिशेनं चालू लागेल. मी स्क्रीनवरच्या त्या मळक्या कापडी तुकड्याकडे बघत बसले. आजी जाऊन २४ वर्षं झाली. काकांना फोन केला. “अगं, मग खरंच होता की काय!” म्हणाले आणि गप्प झाले.

त्या पलटणींचं वाचताना मधेच हसू आलं. उत्तर नायजेरियातून भरती झालेल्या पोरांना आडनावं नव्हती, तर कारकुनानं नावापुढं गाव लिहून टाकायचं. नाव मुसा, गाव कानो, की झाला मुसा कानो. म्हणजे आपलंच की! कानोकर, सोकोतोकर. फरक इतकाच की आपण आपलं गाव आपण लावून घेतलं, यांना ते परेडच्या मैदानावर चिकटवलं. अधिकारी गोरे. गोल्ड कोस्टच्या सेठ अँथनीला १९४२ मध्ये अधिकारपद मिळालं, तो ब्रिटिश लष्करातला आफ्रिकेचा पहिला काळा अधिकारी. पुढं मेजर झाला, ब्रह्मदेशात लढला. बाकीच्यांनी सार्जंटपर्यंत जायचं आणि थांबायचं. पगार कातडीच्या रंगाप्रमाणे, हे काही कुणी चोरून ठेवलेलं नव्हतं, तक्तेच छापलेले होते. युद्ध संपल्यावरच्या बक्षिसीचंही तेच.

आजीची गाडी गेली पूर्वेला. त्या वर्षी बंगालात माणसं रस्त्यात उपाशी मरत होती. त्या बंगालच्या पलीकडे ब्रह्मदेशातले आराकानचे डोंगर, आणि डोंगरांपलीकडे कलादान नदीचं खोरं. चिरिंगापासून कलादानपर्यंत ७५ मैलांची जीपवाट या लोकांनी डोंगर फोडून केली, बहुतेक कुदळ-फावड्यांनीच. मग खोऱ्यात उतरले. पुढं वाट नाही, खेचरं नाहीत. धान्य, दारूगोळा, औषधं, सगळं विमानांतून टाकलेलं, आणि जिथं पडलं तिथून जिथं हवं तिथं माणसांच्या डोक्यावरून. अख्ख्या डिव्हिजनची रसद अशी विमानांवर सोपवणं हा तेव्हा नवा प्रयोग होता, त्याबद्दल सेनापतींच्या आठवणींत अभिमानानं लिहिलेलं सापडतं. डोक्यांबद्दल तेवढं नाही. डिव्हिजनमध्ये नुसती ओझी वाहणारी वेगळी पथकं होती. वर्दी लष्कराची, शिस्त लष्कराची, गोळी आली तर तीही लष्कराची, पण बहुतेकांच्या हातात बंदूक नाही. मागून आलेल्या ८२व्या डिव्हिजननं तर आपल्या बाहीवर तेच घेतलं. दोन भाले, एकमेकांवर फुली केलेले, आणि ते भाले ओवलेत ओझेवाल्याच्या चुंबळीत.

चुंबळ! इंग्रजी वर्णनात काहीतरी लांबलचक, ‘डोक्यावरची पट्टी’ असं लिहिलं होतं. चित्र बघितलं आणि मराठी शब्द आपोआप तोंडात आला. जुनेर पिळून, वेटोळं करून डोक्यावर ठेवायचं आणि त्यावर हंडा. आजीच्या शब्दकोशातला शब्द. माझ्या मुलाला तो माहीत नाही. मी सांगायला गेले तर म्हणाला, डोनटसारखं का?

ओझ्याचं हे त्यांच्या मानगुटीवर आधीच्या युद्धापासून बसलेलं. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या रानांत इंग्रज आणि जर्मन चार वर्षं एकमेकांचा पाठलाग करत राहिले आणि त्यांच्या मागून लाखो माणसं डोक्यावर ओझी घेऊन चालली, आजारानं आणि भुकेनं हजारोंनी मेली. इंग्रजांकडच्या त्या दलाला ‘कॅरिअर कोअर’ म्हणत. आज दार-ए-सलामचा सगळ्यात गजबजलेला बाजार करियाकू, नैरोबीत करियोकोर. नाव तिथूनच आलंय. तिथं टोमॅटो घेताना हे कुणाच्या मनात येत नसणार. आपण तरी वानवडी बाजारात काय आठवतो?

मार्च १९४४ मध्ये कलादानच्या काठावर जपान्यांनी एका वैद्यकीय तुकडीला गाठलं. त्यात नायजेरियाचा आयझॅक फादोयेबो होता. १६व्या वर्षी घरच्यांचं न ऐकता भरती झालेला मुलगा. मांडीचं हाड मोडलं, पोटात गोळी, चिखलात पडलेला. त्याच्यासोबत जगला तो सिएरा लिओनचा डेव्हिड कार्गबो. त्या दोघांना शुयीमान नावाच्या स्थानिक मुसलमान शेतकऱ्यानं लपवलं. एक-दोन दिवस नाही, नऊ महिने. आजूबाजूला जपानी सैन्य, सापडलं तर सगळ्या घरादाराची मान जाणार, आणि पोसायचं कुणाला, तर समुद्रापलीकडून आलेल्या, भाषा न कळणाऱ्या दोन परक्या माणसांना. डिसेंबरमध्ये गुरखा सैनिक आले आणि हे दोघं सुटले. आयझॅक लंगडत घरी गेला, नोकरी केली, संसार केला, म्हातारपणी हे सगळं लिहून काढलं. २०११ मध्ये एका पत्रकारानं त्याची चिठ्ठी घेऊन आराकान गाठलं. शुयीमान गेला होता, पण त्याची मुलंबाळं सापडली, आणि लपवलेल्या काळ्या सैनिकांची गोष्ट त्यांच्या घरात अजून सांगितली जात होती. पुढच्या वर्षी आयझॅक वारला. त्याच वर्षी आराकानात रोहिंग्यांची घरं पेटली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मोठेपणानं सांगत नाहीये. सारखी ती बसमधली सीट डोळ्यांपुढं येत होती. नऊ महिने कुठं आणि मनपा ते खडकी बाजार कुठं.

युद्ध संपलं, कोळीवाले परत गेले. ब्रह्मदेशाची नावं मात्र सोबत घेऊन गेले. घानाच्या सैन्याचं मुख्यालय आक्रात ज्या छावणीत आहे तिचं नाव बर्मा कॅम्प. ताकोराडीला म्योहाँग बरॅक्स, जे गाव त्यांनी जानेवारी १९४५ मध्ये घेतलं त्याच्या नावाची. लेगॉसला आराकान बरॅक्स. ज्या डोंगरांत आपली पोरं मेली त्यांची नावं त्यांनी घरी लावली, आणि ज्या देशातून ती पोरं गेली त्या देशात १९३ नावं एका भिंतीआड. आश्वासन दिलेली नोकरी आणि पेन्शन काही आलं नाही. २८ फेब्रुवारी १९४८ ला आक्रात माजी सैनिक गव्हर्नरकडे अर्ज द्यायला निघाले, क्रिश्चियनबोर्ग किल्ल्याकडे. हातात अर्जच होता. वाटेत पोलिसांनी गोळीबार केला. सार्जंट अ‍ॅजेटे, कॉर्पोरल अ‍ॅटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टी जागीच गेले. शहर पेटलं, स्वातंत्र्य चळवळीचे पुढारी एन्क्रुमा यांना अटक झाली, आणि मग नऊ वर्षांत गोल्ड कोस्टचा घाना झाला. त्या दिवशी तिथं दर वर्षी या तिघांना मानवंदना देतात. मी ती तारीख वाचून थबकले, कारण २८ फेब्रुवारी १९४८ लाच मुंबईच्या गेटवेतून शेवटची ब्रिटिश पलटण बोटीत चढून गेली होती. शाळेत तो फोटो पाहिलेला. एकाच दिवशी इकडे बँड वाजत होता.

बसमधलं एक सांगायचं राहिलं. मी खिडकीबाहेर बघत होते असं म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. काचेत त्या दोघांचं प्रतिबिंब दिसत होतं आणि मी तेच बघत होते. भाजीवालीनं पाटीतलं पोतं काढून पिळून मांडीवर ठेवलं, तर आत तिची चुंबळ होती, जुन्या नऊवारीच्या काठाची, हिरवट. त्या मुलानं ती बघितली आणि एकदम कानातले इअरफोन काढले. “ओशुका!” म्हणाला. मग आपल्या डोक्यावर हात नेऊन गोल गोल फिरवला आणि हसला. बाईला काही कळलं नाही. “माझी आजी,” असं तो मोडक्या हिंदीत म्हणाला, आणि परत हात डोक्यावर. “तुझी आजी बी पाटी घेती व्हय?” तिनं विचारलं. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो जोरजोरात मान हलवत होता. ओशुका म्हणजे योरुबात चुंबळ, हे मी बऱ्याच दिवसांनी शोधून काढलं.

आजी ती गोष्ट सांगताना खूण करून दाखवायची. तिची पोरं, नातवंडं, सगळे ती खूण करायचो आणि हसून लोळायचो. आम्ही करायचो ती कपाळाच्या बाजूला, कानशिलापाशी, वेडं म्हणायची असते तशी. आजीचा हात मात्र कधीच कानशिलाशी जायचा नाही. ती पदर सावरून हात वर न्यायची आणि बोट फिरवायची ते टाळूवर, हंडा ठेवतात तिथं.